गंगाफळावरचे रंग

लाल भोपळ्याला खान्देशात गंगाफळ म्हणतात. जून-जुलैत टोकलेल्या वेलाची फळे साडेतीन-चार महिन्यांनी, म्हणजे आश्विनाच्या तोंडाशी पक्व होतात. श्रावणातल्या कानबाई देवीच्या रोटाला आणि भाद्रपदातल्या पितरांच्या स्वयंपाकाला गंगाफळाची भाजी लागते, त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या आठवडे बाजारात हे फळ तेव्हापासून दिसू लागते. नवरात्र ते दिवाळी हा त्याचा भर हंगाम. याच दिवसांत घराचा ओटा, दार आणि पडवी सजवली जाते. मोठे, गोल, कठीण सालीचे आणि महिना-दोन महिने सहज टिकणारे हे फळ रंगवून मांडले, तर बाजारातल्या प्लास्टिकच्या माळांपेक्षा कमी पैशांत सजावट होते.

भोपळ्याची सजावट म्हटले की हल्ली बहुतेकांच्या डोळ्यांपुढे अमेरिकेतला ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन येतो: आतला गर काढून डोळे-तोंड कोरलेला आणि पोटात दिवा ठेवलेला नारिंगी भोपळा. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये पूर्वी त्यासाठी सलगमाच्या जातीचे कंद कोरत. तिकडून अमेरिकेत गेलेल्या लोकांना तिथे आयता भोपळा सापडला आणि कंद मागे पडला. ही पद्धत खान्देशात जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही, आणि त्याचे कारण साधे हवामानाचे आहे. ऑक्टोबरात जळगावचा पारा दुपारी ३५ अंशांच्या आसपास असतो. अशा उकाड्यात कोरलेल्या भोपळ्याचा उघडा पडलेला ओला गर दोन-तीन दिवसांत बुरशी धरतो, त्यावर चिलटे घोंघावू लागतात आणि फळ आतल्या आत बसते. न कापलेल्या फळाचे तसे होत नाही. पक्व भोपळ्याच्या कठीण सालीवर मेणाचा एक पातळ थर असतो. तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. म्हणून इथे भोपळा कोरण्यापेक्षा रंगवणे शहाणपणाचे. साल शाबूत राहील असे काम करायचे, हा या कलेचा पहिला नियम आणि पुढचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

फळाला रंगरूप देण्याची कल्पना खान्देशाला परकी नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा देवीचे रूप म्हणून पूजला जातो तो नारळ. त्याला डोळे, नथ, कुंकू आणि दागिने घालून मुखवट्यासारखे सजवले जाते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला नेले जाते. पोळ्याला बैलांची शिंगे रंगतात, अंगावर गेरूचे ठसे उमटतात, शिंगांना बेगड चिकटते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. भुलोबा आणि भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती गडद गुलाबी, पिवळ्या, हिरव्या रंगांत रंगवलेल्या असतात आणि त्यांच्यापुढे मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणतात. शहरातून ही प्रथा विरत चालली होती, पण जळगावात केशवस्मृती प्रतिष्ठानाच्या भुलाबाई महोत्सवामुळे शाळकरी मुलींच्या ओठी ती गाणी पुन्हा आली.

भोपळ्याशी सर्वांत जवळचे नाते मात्र सातपुड्याचे. जुन्या धुळे जिल्ह्याचा भाग असलेल्या आणि १ जुलै १९९८ पासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. तिथे नवस पाळणारे बुध्या अंगभर पांढरे ठिपके आणि रेषा काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात आणि कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची माळ बांधतात. नाचताना हे पोकळ भोपळे एकमेकांवर आपटून खडखडतात. ही होळी फाल्गुनातली. म्हणजे आश्विन-कार्तिकात वेलावर भरलेला दुध्या भोपळा वाळायला ठेवला की तो होळीच्या वेळेला हलका आणि खणखणीत होतो. साक्री तालुक्यातल्या कोकणा आदिवासींची पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्यही भोपळ्याशिवाय होत नाही.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तर फळावर चेहरा रंगवण्याची चाल दक्षिणेत अगदी रोजची आहे. आंध्र, तेलंगणा, कर्नाटक आणि तमिळनाडूत बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर किंवा दुकानाच्या दारात कोहळा टांगतात आणि त्यावर मोठे डोळे, मिशा, सुळे असलेला राक्षसाचा चेहरा रंगवतात. दृष्ट लागू नये हा हेतू. नवरात्रात आयुधपूजेच्या दिवशी तमिळनाडूत दुकानांपुढे कुंकू घातलेले कोहळे फोडतात, ते इतके की रस्ते निसरडे होतात. आपल्याकडे दारावर कोहळा टांगतात, पण त्याला चेहरा देत नाहीत.

रंगकामासाठी कोणते फळ घ्यावे यावर निम्मे काम अवलंबून असते. भारतात पिकणारा लाल भोपळा बहुतांशी कुकुर्बिटा मोस्काटा या जातीचा. त्याचे मूळ अमेरिका खंडातले, पोर्तुगीज आल्यानंतर तो इथे रुळला. त्याचा देठ पाच कोनांचा असतो आणि फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. कोवळेपणी हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची असलेली साल पिकताना बदामी किंवा मातकट पिवळी होते. हॅलोविनचा नारिंगी भोपळा कुकुर्बिटा पेपो या वेगळ्या जातीचा. इथले फळ तसे नारिंगी नसते, यात तक्रार करण्यासारखे काही नाही. बदामी सालीवर पांढरा, गेरू आणि काळा असे तिन्ही रंग उठून दिसतात. नारिंगी सालीवर गेरू हरवून जातो. मुळातच रंगीत आणि लहान फळ हवे असेल, तर बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या ‘अर्का सूर्यमुखी’ वाणाची फळे पाहावीत. ती सुमारे एक किलोची, चपटगोल आणि गडद नारिंगीवर फिकट पट्टे असलेली असतात. त्याच संस्थेच्या ‘अर्का चंदन’ची फळे दोन-तीन किलोंची, फिकट तपकिरी असतात आणि रंगवायला नेमक्या मापाची पडतात. आठ-दहा किलोंचे फळ ओट्यावर शोभते, पण ते फिरवत फिरवत रंगवणे जिकिरीचे.

फळ पक्व आहे का, हे नखाने कळते. सालीत नख रुतले तर ते कोवळे, आणि कोवळे फळ लवकर सुरकुतते. देठ वाळून लाकडासारखा झालेला असावा, बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज यावा. देठ तुटलेले फळ घेऊ नये, कारण कूज तिथूनच शिरते. याच कारणाने भोपळा देठाला धरून उचलू नये. दुकानात चिरलेली फोड दाखवून विकत असले तरी सजावटीसाठी अख्खेच फळ लागते, आणि तेही ज्याच्या बुडाशी मऊ डाग नाही असे. शेतातून थेट आणलेले फळ आठ-दहा दिवस हवेशीर, कोरड्या जागी ठेवले की साल आणखी कडक होते आणि लहानसहान ओरखडे बुजतात. खान्देशातली ऑक्टोबरातली कोरडी ऊब या कामाला आयती मिळते, फक्त फळ थेट उन्हात ठेवायचे नाही.

रंगवण्याआधी फळ ओल्या फडक्याने पुसून माती काढावी. साबण लावायचा तर अगदी सौम्य, आणि नंतर पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. देठाभोवतीच्या खळग्यात पाणी साचू देऊ नये, कारण अर्धी कूज तिथूनच सुरू होते. सालीवरच्या मेणामुळे पातळ रंग थेंब थेंब होऊन ओघळतो. त्यावर दोन उपाय आहेत: जिथे रंगवायचे तेवढ्याच जागी स्पिरिटचा बोळा हलकेच फिरवणे, किंवा आधी पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा एक पातळ हात देऊन तो वाळू देणे. काचकागदाने घासण्याचा मोह होतो, पण ताज्या फळावर तो टाळावा, कारण त्याने राखणीचा थरच निघून जातो. बूड आणि देठ कोरेच ठेवावेत. फळ तोडल्यावरही त्याचे श्वसन चालू असते, सगळीकडून घट्ट रंगाचे कवच चढवण्याचे कारण नाही.

रंग दोन मार्गांनी आणता येतात. एक मार्ग स्टेशनरीच्या दुकानातला. तिथले अ‍ॅक्रिलिक रंग पाण्यात कालवता येतात, अर्ध्या-पाऊण तासात वाळतात आणि वाळल्यावर दमट हवेत सुटत नाहीत. पोस्टर कलर मुलांच्या हाती सोपे, पण ओल्या हाताने पुसले जातात आणि मेणावर पापुद्रे धरतात. तैलरंगाचा डबा घरात शिल्लक असतो म्हणून तो वापरला जातो. तो चकाकतो चांगला, पण वाळायला दिवसभर घेतो आणि तोवर धूळ चिकटते. दुसरा मार्ग पोळ्याच्या बाजाराचा: गेरू, चुना, नीळ, काजळी, हळद, बेगड. हे रंग स्वस्त आहेत आणि त्यांचे रसायन समजले तर जास्त रंजक.

गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड असलेली माती. उन्हाने तो उडत नाही, हजारो वर्षे टिकतो. याचा पुरावा फार लांब शोधायला नको. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. तिथल्या चित्रांत लाल-पिवळ्या मातीचे रंग, काजळीचा काळा, पांढरी माती आणि बेसाल्ट खडकात मिळणारी हिरवी माती वापरलेली आहे. निळ्यासाठी मात्र लाजवर्द बाहेरून आणावा लागला. आज त्याच छटेची नीळ किराणा दुकानात कपड्यांसाठी मिळते. ही नीळ चुन्यात टिकते, आम्लात मात्र उडून जाते. म्हणून निळ्या रंगाजवळ लिंबू-व्हिनेगर नेऊ नये. चुना नुसता पाण्यात कालवून लावला तर बोटाला पांढरे लागते. त्यात थोडे दूध मिसळले की दुधातले केसीन चुन्याशी जोडले जाते आणि पाण्याने सहज न निघणारा थर होतो. कालवलेला चुना दाहक असतो, त्यामुळे हे काम मोठ्यांनी करावे आणि डोळे जपावेत. मुलांच्या हाती गेरू द्यावा. गेरूत बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक विरघळवून घातला की तो सालीला धरून राहतो.

हळदीचा एक खेळ कळला नाही तर फसगत होते. चुन्याच्या थरावर पिवळ्यासाठी हळद लावली की ती पाहता पाहता तांबडी होते, कारण हळदीतले कर्क्युमिन क्षाराशी भेटले की रंग बदलते. कुंकू याच युक्तीने होते. पिवळा हवा असेल तर हळद साध्या सालीवर किंवा पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकवर लावावी. लाल हवा असेल तर चुन्यावर. दोन्ही उन्हात फिकटतात, त्यामुळे अशा फळाची जागा सावलीतली. बाजारात हिंगूळ नावाने मिळणारा लाल रंग मुलांपासून लांबच ठेवावा, कारण खरा हिंगूळ पाऱ्याचे संयुग असतो.

नक्षीचा विचार करताना भोपळ्याचा आकारच पुढे येतो. फळावर देठापासून बुडापर्यंत उभे फुगवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. कागद सपाट असतो, इथे पृष्ठभाग आधीच वाटून दिलेला आहे. सर्वांत सोपे काम म्हणजे एक फुगवटा रंगवायचा, पुढचा सोडायचा. गेरू आणि पांढरा असे आलटून पालटून दिले की चित्रकलेचा गंध नसलेल्या माणसाचेही फळ देखणे दिसते. खाचेत काजळीची एक बारीक रेघ ओढली की फुगवटे आणखी उठतात. रेघ सरळ येत नसेल तर दोन रबरबँड फळावर उभे चढवून त्यांच्या मधल्या पट्टीत रंग भरावा, वाळला की रबर काढून टाकावे.

दुसरी दिशा आडवी. देठ मध्यबिंदू मानून त्याभोवती एकाबाहेर एक वर्तुळे काढायची आणि प्रत्येक पट्ट्यात एकच गोष्ट भरायची: एकात ठिपके, एकात त्रिकोण, एकात पाकळ्या, एकात वेल. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातले छत असेच आहे. त्यात एका मोठ्या वर्तुळात पट्ट्यांवर पट्टे आणि कोपऱ्यांत फुले-फळे आहेत. त्याच लेण्यात हंसांची एक रांग रंगवलेली आहे. भोपळ्याच्या कमरेभोवती हंसांची ओळ काढायची झाली तर एक हंस कागदावर काढून कापून घ्यावा, मागे खडूची भुकटी लावून तोच पुन्हा पुन्हा उमटवावा आणि आत रंग भरावा. रांगोळीतली ठिपक्यांची जाळी मात्र गोल पृष्ठभागावर नीट बसत नाही. वर जाता जाता ठिपक्यांमधले अंतर बिघडते आणि रेषा जुळत नाहीत. म्हणून जाळीच्या रांगोळीपेक्षा वर्तुळाची रांगोळी उचलावी.

ठिपक्यांचेच काम करायचे असेल तर भिल्ल चित्रकलेकडे वळावे. झाबुआ जिल्ह्यातल्या पिटोलच्या भुरीबाईंना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या आणि इतर भिल्ल चित्रकारांच्या चित्रांत प्राणी, झाडे, माणसे आधी एका रंगाने भरलेली असतात आणि त्यावर रंगीत ठिपक्यांच्या ओळींनी अंग घडवलेले असते. हे तंत्र भोपळ्याला फार मानवते, कारण ठिपका गोल पृष्ठभागावर बिघडत नाही आणि हात थरथरला तरी कळत नाही. आधी गेरूने एक साधा मोर, बैल किंवा झाड भरावे. मग आगपेटीच्या काडीचे डोके, कापसाची काडी, खिळ्याची चपटी टोपी अशी वेगवेगळ्या मापांची साधने रंगात बुडवून ओळीने टेकवत जावे. एका वेळी एकच रंग, आणि तो वाळल्यावरच दुसरा, एवढे पथ्य पाळले की चूक होत नाही. वारली चित्रांची नक्कल हल्ली कुठल्याही गोल वस्तूवर दिसते, अगदी चहाच्या कपापासून. खान्देशातल्या घरी शेजारच्या भिल्लांची ठिपक्यांची चित्रपरंपरा सोडून पालघरची चित्रे काढण्यात विशेष हशील नाही.

भुलाबाईच्या दिवसांत दुध्या भोपळा उपयोगी पडतो. त्यातही वर बारीक आणि खाली फुगीर असा. वरचा भाग डोके, खालचा भाग अंग. गळ्याशी बेगडाची पट्टी गुंडाळली, खाली लुगड्याचे काठ रंगवले, कपाळावर टिकली चिकटवली की भुलाबाई तयार. पांढरा फेटा आणि मिशा दिल्या की भुलोबा. मूर्ती मातीचीच बसते, पण तिच्या दोन्ही बाजूंना असे जोडपे ठेवायला मुलींना आवडते. दुध्या पिकलेला नसेल तर आठवड्यात सुकून लोळतो, म्हणून तो वेलावरच जून झालेला घ्यावा. गोल गंगाफळाला मात्र अंग नसते, त्याला फक्त चेहरा देता येतो. कानबाईच्या नारळाप्रमाणे डोळे, नथ आणि कुंकू एवढ्या तीनच गोष्टी रंगवल्या आणि बाकीची साल कोरी सोडली तर चेहरा भारदस्त दिसतो. भुवया, गाल, ओठ सगळे भरत गेले की तो बाहुलीचा होतो.

पानांचे ठसे हे लहान मुलांचे काम. आपट्याचे दोन पाळ्यांचे पान दसऱ्याला घरात असतेच. पानाच्या मागच्या, शिरा उठलेल्या बाजूला रंग लावून ते सालीवर दाबले की शिरांसकट ठसा उमटतो. उलटेही करता येते: पान सालीवर चिकटवून कापसाच्या बोळ्याने भोवती रंग टेकवायचा आणि पान उचलायचे, मध्ये कोऱ्या सालीची आकृती राहते. पिंपळाचे पान गोल फळावर नीट बसत नाही, त्याचे टोक उचलले जाते. बाजारातल्या वाहनांवर आणि यंत्रांवर दसऱ्याला पंजाचे ठसे उमटवतात, तेही गेरूत बुडवलेल्या लहान हाताचे असतील तर भोपळ्यावर शोभतात.

कोहळ्यावर रंग फार काळ टिकत नाही. त्याच्या सालीवर पांढरी भुकटीसारखी राख असते आणि ती मेणाचीच असते, तिच्यावर दिलेला रंग तिच्यासकट निघून येतो. पण हाच दोष वेगळ्या रीतीने कामी येतो. ओले बोट किंवा कापसाची काडी कोहळ्यावर फिरवली की तेवढी राख निघते आणि खालची गडद हिरवी साल दिसते. पांढऱ्यावर हिरवी रेघ, रंगाचा थेंबही न वापरता. या पद्धतीने वेल, पाने, स्वस्तिक अगदी पाच मिनिटांत काढता येतात. चुकले तर पुसता येत नाही, एवढेच.

ज्यांच्या शेतात किंवा परसात वेल आहे त्यांना आणखी एक मार्ग मोकळा असतो. भाद्रपदात फळ हिरवे आणि अर्धे भरलेले असताना सालीवर बोथट खिळ्याने उथळ अक्षरे किंवा आकृती ओरखडून ठेवतात. जखम भरताना तिथे बुचासारखी, किंचित वर आलेली खपली धरते आणि फळ वाढेल तशी अक्षरेही मोठी होतात. आश्विनात फळ तोडले की घरातल्या नातवंडाचे नाव त्यावर उमटलेले असते. ओरखडा सालीपुरताच हवा. गरापर्यंत गेला की फळ नासते. रंगवायचे असेल तर त्या उठावदार अक्षरांवर फक्त पांढरा फिरवावा.

मांडणीकडे रंगापेक्षाही जास्त लक्ष द्यावे लागते. परदेशी चित्रांतली शरदाची सजावट लाल-तपकिरी गळलेल्या पानांवर उभी असते. खान्देशात ऑक्टोबरात पाने गळत नाहीत. सातपुड्यातला साग फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडा पडतो. इथल्या शरदाचे रंग वेगळे आहेत: फुटलेल्या कापसाचा पांढरा, ज्वारी-बाजरीच्या कणसांचा पिवळट, मक्याच्या पातींचा फिकट, झेंडूचा केशरी आणि अजून हिरव्या असलेल्या केळीच्या पानांचा. वाळक्या काड्यांवर उमललेली कापसाची बोंडे मातीच्या मडक्यात उभी करून त्याच्या पायाशी गेरू-पांढऱ्या पट्ट्यांचे तीन भोपळे ठेवले, की शहरातल्या फुलवाल्याकडची महाग सजावट फिकी पडते. भुलाबाईसाठी आणलेल्या ज्वारीच्या धांड्यांचा मांडव कोजागरीनंतर टाकून न देता भोपळ्यांमागे तसाच उभा ठेवता येतो. तीन फळे तीन मापांची असावीत. दोन सारखी फळे दाराच्या दोन बाजूंना ठेवली की ती पहारेकरी वाटतात.

फळ थेट फरशीवर ठेवू नये. बुडाखाली ओल धरते आणि तिथली साल मऊ पडते. डोक्यावर हंडा घेताना वापरतात ती कापडाची किंवा काथ्याची चुंबळ भोपळ्याखाली ठेवली की खालून हवा खेळते आणि फळ गडगडतही नाही. चुंबळीवर गोटापट्टी गुंडाळली तर तीही सजावटीचा भाग होते. दर आठ दिवसांनी फळ उचलून बूड तपासावे. मऊ डाग दिसला तर ते लगेच बाजूला काढावे, कारण एका फळाची कूज शेजारच्याला लागते. दिवाळीत पणत्या भोपळ्यापासून हातभर लांब ठेवाव्यात. ज्योतीच्या धगीने मेण वितळते आणि वरच्या रंगाला फोड येतात. भोपळ्याच्या देठावर पणती चिकटवलेली चित्रे दिसतात, ती फोटोपुरती.

सजावट उतरवल्यावर फळाचे काय करायचे हे कोणते रंग वापरले यावर ठरते. गेरू आणि हळद धुऊन निघतात, आणि तशी फळे साल काढून गुरांना घालता येतात. अ‍ॅक्रिलिक किंवा तैलरंग लावलेले फळ खाऊ नये आणि गुरांपुढेही टाकू नये. ते फोडून बिया काढून घ्याव्यात, रंगलेली साल वेगळी करून टाकावी आणि गर खताच्या खड्ड्यात जाऊ द्यावा. बिया धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळवून ठेवल्या की पुढच्या जूनमध्ये पेरता येतात. संकरित वाणाच्या बियांपासून मात्र तसेच फळ येईल असे नाही.

कायमचा रंगीत भोपळा हवा असेल तर गंगाफळ सोडून दुध्याच्या जातीच्या जाड सालीच्या भोपळ्याकडे जावे लागते. सतार-तंबोऱ्याचे भोपळे याच कुळातले. त्यांची शेती पंढरपूर-मंगळवेढ्याकडे होते आणि मिरजेचे कारागीर त्यांना घडवतात, नक्षीकाम करतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. घरगुती कामासाठी एवढे मोठे फळ लागत नाही. वेल पिवळा पडेपर्यंत फळ वर राहू द्यावे, मग देठासह तोडून हवेशीर जागी टांगावे. वाळताना सालीवर काळी-करडी बुरशी येते. ती पाहून फळ फेकू नये, फक्त मऊ पडलेले तेवढे काढून टाकावे. तीन-चार महिन्यांनी आत बिया खुळखुळू लागल्या की फळ तयार. कोमट पाण्यात भिजवून तारेच्या घासणीने वरची पातळ साल खरवडावी, वाळल्यावर आता मात्र काचकागद फिरवावा. साल लाकडासारखी होते आणि तिच्यावर कोणताही रंग धरतो. बस्तरमध्ये तर अशा तुंब्यावर रंग न लावता तापवलेल्या सुरीच्या टोकाने डाग देऊन नक्षी करतात. रंगवून वर वॉर्निशचा एक हात दिला की हा भोपळा वर्षानुवर्षे टिकतो. पावसाळ्यात तो माळ्यावर, सुती कापडात गुंडाळून ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते आणि बुरशी परत येते. आश्विनात खाली काढल्यावर उडालेले ठिपके तेवढे पुन्हा द्यावे लागतात.